कागदाची मागची बाजू

दि. ९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? पायाचं शिवणयंत्र चालवू नका म्हटलं तर तुम्ही ऐकणार थोड्याच! माझं लाँड्रीतलं काम चालू आहे.

तुमचा भाऊ गेला तेव्हा फुप्फुसाचं दुखणं म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मुळाशी एचआयव्ही होता. तुम्ही दारातच म्हणालात, "एवढी वाचणारी बाई, आणि नवरा खंगलेला दिसला नाही?" तेव्हापासून आपण बोललो नाही.

गेल्या महिन्यात मीही तपासून घेतलं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकतात, वर औषधाचे दोन थेंब, मग वीस मिनिटं थांबायचं. तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, घड्याळाकडे बघा. टक लावलीत म्हणून पट्टी लवकर बोलायची नाही." एक रेघ सगळ्यांनाच येते, पट्टी चालते आहे एवढंच ती सांगते. मला दुसरीही आली. आणखी दोन तपासण्यांत तेच निघालं. रोज गोळी घेते, बरी आहे.

पण पत्र माझ्यासाठी नाही. चार वर्षांपूर्वी हे आणि तुमचे यजमान एकाच ट्रकवर होते, तेव्हा एका मुक्कामात दोघांचाही पाय घसरला. भाऊजींनी तुम्हाला सांगितलं नसणार. घाबरून दोघं दहाव्या दिवशी तपासून आले. एकच रेघ. कागद मीच मोठ्यानं वाचला, "दोष नाही." भाऊजी हसले, "वहिनी, तुम्ही तर डॉक्टरीणबाई!"

पण ती पट्टी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढायला अंग जे तयार करतं, ते शोधते. ते तयार व्हायला आठवडे लागतात. कागदाच्या मागे छापलं होतं, तीन महिन्यांनी पुन्हा या.

ती बाजू मी वाचली होती, वन्सं. संध्याकाळी, एकटीनं. पुन्हा जा म्हटलं असतं तर त्या मुक्कामाचा विषय पुन्हा निघाला असता. मला तो नको होता. कागद घडी करून डब्यात ठेवला. गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तर आज हे असते.

आता चार वर्षं झाली, पट्टी आता खरं सांगेल. भाऊजींना न्या, तुम्हीही टोचून घ्या. मला काय बोलायचं ते जाऊन आल्यावर बोला. बोलावलंत तर येईन, ती वीस मिनिटं बाकावर तुमच्या शेजारी बसेन.

तो कागद सोबत ठेवला आहे. आधी मागची बाजू वाचा.

तुमच्या भावाची बायको,
जिनं वाचलं आणि सांगितलं नाही