ठेंगीला खरे काय ते कळविणेबाबत

प्रति,
माननीय सचिव साहेब,
रुग्णालय धुलाईखाते निवृत्त कामगार मंडळ,
मंडळाचे कार्यालय, जुन्या बॉयलर-खोलीच्या वर.

विषय : मंडळाच्या मेलिंग लिस्टमधून अर्जदार हिचे नाव "स्वेच्छेने" कमी झाल्याची नोंद दुरुस्त करणे, तसेच नवीन सॉफ्टवेअर निवडताना व चालवताना घ्यायच्या काळजीबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, "मेलिंग लिस्टसाठी नवीन सॉफ्टवेअर : सभासदांच्या सूचना".
२) अर्जदार हिच्या चौकशीला आलेले आपले उत्तर, जे एका ओळीचे आहे.

महोदय,

१. अर्जदार हिची तक्रार पोटच्या धाकट्या मुलाच्या वागण्याबद्दल आहे. घरची भांडणे कार्यालयात आणू नयेत एवढे तिला कळते. धुलाईखात्यात मुकादम असताना तिने स्वतः कितीतरी जणींना असल्या रडगाण्यांसकट दारातून परत पाठवले आहे. पण या भांडणाचा कागद आपल्याच कार्यालयातून निघाला, म्हणून नाइलाज. अर्जात "मी" लिहायचे नसते, "अर्जदार" लिहायचे, हेही तिला त्याच खात्यात शिकवले. शाळा फारशी झालेली नाही. अक्षर अडखळेल तिथे साहेबांनी सांभाळून घ्यावे, मुद्दा अडखळणार नाही.

२. साहेब नवीन आहेत, म्हणून थोडे मागचे सांगणे भाग आहे. निवृत्तीनंतर खात्यातल्या बायका पांगल्या. कोणी लेकीकडे, कोणी सुनेच्या हाताखाली, कोणी एकटीच कुलूप उघडते नि लावते. तेव्हा मंडळाने ही यादी काढली. एका पत्त्यावर लिहायचे, सगळ्यांना पोचते. यादीची देखभाल ठेंगीकडे होती. ठेंगी म्हणजे चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरवरची अर्जदार हिची जोडीदारीण. उंची कमी, म्हणून साबणाच्या उलट्या खोक्यावर उभी राहून काम करायची, आणि खोक्यावरून सगळ्यांना बोलायची. अर्जदार हिला ती "तोफ" म्हणे, आणि अर्जदार दुसऱ्या कोणाला तसे म्हणू देत नसे. रोलरमधून चादर निघाली की ती दोघींनी टोकांना धरायची, ताणायची, मग एकीने चालत दुसरीपाशी जायचे म्हणजे घडी पडते. एकटीला ते काम येतच नाही. अर्जदार आणि ठेंगी यांनी नोकरीची सगळी वर्षे अशी एकमेकींकडे चालत काढली.

३. आता मुलाबद्दल. धाकटा दुसऱ्या गावी मोठ्या हुद्द्यावर आहे. फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतो. एवढ्या मीटिंगा घेऊन जगाचे काय भले झाले ते त्यालाच ठाऊक. म्हणून अर्जदार हिने एक युक्ती काढली. यादीवर येणारे प्रत्येक पत्र ती त्याला पुढे पाठवी आणि वर स्वतःची एक ओळ लिही. "जेवलास का." "खोकला गेला का." नुसती ओळ पाठवली तर आई मागे लागली असे वाटेल. मंडळाच्या पत्राच्या डोक्यावर बसवून पाठवली की कामाचे काही वाटते. उत्तर येत नसे. अर्जदार हिला उत्तराची सवयही नव्हती.

४. मग एकदा ठेंगीने यादीवर लिहिले की घशात काहीतरी निघाले आहे, तपासण्या चालू आहेत, कळले की लिहीन, तोवर कोणी शहाणपणाचे काढे सुचवू नयेत. अर्जदार हिने ते पत्र धाकट्याला पाठवले. वर लिहिले, "मावशीच्या घशाचं काही बरं दिसत नाही, तिला फोन कर." लहानपणी अर्जदार हिची दुसरी पाळी असली की हाच मुलगा ठेंगीच्या घरी जेवायचा आणि तिच्याच पदराला हात पुसायचा. त्याने वरची ओळ वाचली नाही. पत्राच्या तळाशी "ही पत्रे नको असल्यास येथे दाबा" असे असते, ते दाबले; अर्जदार हिने ते पत्र त्याच्याशिवाय कोणाला पाठवलेच नव्हते.

५. आपल्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवाल्याने अर्जदार हिला याची मेख समजावून सांगितली. त्या माणसाबद्दल तक्रार नाही, उलट त्याने खुर्ची दिली. प्रत्येकीच्या पत्राच्या तळाशी जी लिंक असते ती तिच्या एकटीची असते. ती जगात कोणीही दाबली तरी यंत्र समजते की तिनेच दाबली. यंत्र पुन्हा विचारत नाही, "बाई, खरंच का?" म्हणत नाही. तो म्हणाला, "बाई, तळाची लिंक न काढता पत्र पुढे पाठवायचं नसतं." अर्जदार म्हणाली, "अरे, घराची किल्ली पत्राला बांधून पाठवता तुम्ही, आणि पत्र कोणाला दाखवू नका म्हणता मला?" यावर तो बिचारा हसला आणि म्हणाला, जुनं सॉफ्टवेअर आहे. जुने तर अर्जदारही आहे. पण ती निदान विचारल्याशिवाय कोणाला घराबाहेर काढत नाही.

६. नाव निघाले की देखभाल करणारीला यंत्र आपोआप कळवते. म्हणजे ठेंगीने घशाचे लिहिले, आणि त्याच्या पाठोपाठ तिला यंत्राचे पत्र गेले, "सदर सभासदाने स्वेच्छेने यादी सोडली आहे." सभासद म्हणून अर्जदार हिचे नाव. हे पत्र ठेंगीच्या मुलीने अर्जदार हिला नंतर दाखवले. दाखवताना तिने मान वर केली नाही.

७. त्यानंतर ठेंगीने यादीवर आणखी एक पत्र लिहिले होते. ते सगळ्यांना मिळाले, अर्जदार हिला मिळाले नाही. त्यात होते, "ऑपरेशननंतर बोलता येणार नाही म्हणतात. ज्यांना माझ्या शिव्या ऐकायच्या असतील त्यांनी आधी येऊन ऐकून घ्या." खात्यातल्या बहुतेक जणी जाऊन आल्या. इस्त्रीवाली गेली, पायाने अधू असलेली भांडारवाली रिक्षा करून गेली. खोलीत इतका हशा झाला की नर्स ओरडली म्हणतात. अर्जदार इकडे घरी "कळले की लिहीन"ची वाट बघत बसली. एकदा फोन लावला, तो कोणी उचलला नाही. ठेंगी रुसली असेल, रुसू दे, असे म्हणून अर्जदार हिनेही तोंड फुगवून घेतले. तेव्हा ठेंगीचा आवाज गेलेला होता. उचलून ती करणार काय?

८. मुलगी आईला म्हणाली होती, तोफमावशीला मी स्वतः बोलावून आणते. ठेंगी तेव्हा पाटीवर लिहून बोलायची. तिने लिहिले, "नको. तिने आपणहून सोडलंय. मागे लागू नका." मुलीने ऐकले. आजारी माणसाशी कोण वाद घालणार? आणि ठेंगीशी तर धडधाकट असतानाही कोणी घातला नाही.

९. अर्जदार हिला यातले पहिले कळले ते औषधाच्या दुकानात. खात्यातला बॉयलरवाला भेटला. तो म्हणाला, "तू तिला पोचवायलासुद्धा आली नाहीस." अर्जदार म्हणाली, "कोणाला?" साहेब, त्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांसमोर अर्जदार हिने हा प्रश्न विचारला. बॉयलरवाल्याने टोपी काढली, तेव्हा उत्तर समजले. पुढचे लिहिण्यासारखे नाही आणि त्याने अर्जाला जोरही येत नाही.

१०. नंतर अर्जदार हिने कार्यालयात विचारणा केली. आपले उत्तर आले, "अभिलेखानुसार आपण स्वेच्छेने नाव कमी केले आहे." साहेब, आपण अर्जदार हिला ओळखत नाही, म्हणून ती सोडून देते. पण ठेंगीनेही हेच वाचले, आणि ती ओळखत होती. जी बाई चादरीचे टोक कधी आधी सोडत नव्हती, तिने आपल्याला आजारपणात सोडले असे तिला वाटले. यंत्राने छापील अक्षरात सांगितले, म्हणून खरे वाटले. अर्जदार हिने तोंडाने सांगितले असते तर ठेंगीचा विश्वास बसला नसता.

११. परिपत्रकात सूचना मागवल्या आहेत त्या अशा. पुढचे सॉफ्टवेअर कितीही चकचकीत असो, ते निवडण्याआधी एकच परीक्षा घ्यावी. आपले स्वतःचे पत्र दुसऱ्याला पाठवावे, त्याला तळाची लिंक दाबायला सांगावी, आणि आपण बाहेर पडतो का बघावे. पडलो, तर ते घेऊ नये. नाव काढताना किंवा घालताना त्या बाईच्याच पत्त्यावर "तुम्हीच का?" असे विचारणारे पत्र जावे, आणि तिने हो म्हटल्याशिवाय काही होऊ नये. कोणी गेलीच, तर देखभाल करणारीने तिला फोन करावा. सॉफ्टवेअरला ते जमत नसेल, पण माणसाला जमते. जुनी पत्रे सध्या बाहेरचा कोणीही उघडून वाचू शकतो असे कॉम्प्युटरवाला म्हणाला. तिथे कोणाच्या गाठी, कोणाच्या सुना, सगळे आहे, ते सभासदांपुरते बंद करावे. आणि यादीचा पासवर्ड आपल्या कार्यालयात खिडकीच्या तावदानावर आतून चिकटवला आहे, तो रस्त्यावरून वाचता येतो. अर्जदार हिने चष्मा न लावता वाचला. तो बदलावा आणि प्रत्येक देखभाल करणारीला तिचा वेगळा द्यावा, म्हणजे कोणी काय केले ते कळेल.

१२. आता मुख्य विनंती. कॉम्प्युटरवाला म्हणतो की देखभालीच्या जागी अजून ठेंगीचाच पत्ता आहे आणि सुरक्षेसाठी तो लगेच काढायला हवा. त्याचे बरोबर आहे. गेलेल्या माणसाच्या हातात किल्ल्या ठेवू नयेत, उद्या दुसराच कोणी त्या वापरील. अर्जदार हिची त्याला हरकत नाही. फक्त क्रम बदलावा. आधी अर्जदार हिचे नाव यादीत पुन्हा घालावे, आणि नंतर ठेंगीचा पत्ता काढावा. कारण नाव घातले की यंत्र देखभाल करणारीला आपोआप कळवते, "सदर सभासद यादीत आली आहे." ते पत्र ठेंगीच्या पत्त्यावर जावे. गेल्याचे यंत्रानेच तिला सांगितले, आल्याचेही त्यानेच सांगावे. मुलीने तोपर्यंत आईची मेलपेटी बंद न करण्याचे कबूल केले आहे.

१३. पत्र वाचायला कोणी नाही हे अर्जदार हिला समजते. साहेबांनी तिला समजावण्यात वेळ घालवू नये. पेटी भरलेली असली तर पत्र परत येईल असेही कॉम्प्युटरवाला म्हणाला. आले तर येऊ द्यावे. ते परत आलेले पत्र अर्जदार हिला छापून द्यावे, म्हणजे गेले होते एवढे तरी हातात राहील.

१४. सबब, नोंदवहीतील "स्वेच्छेने" हा शब्द खोडून तिथे "मुलाने, आईला न विचारता" असे लिहावे, आणि ही दुरुस्ती यादीवरील सर्व जणींना कळवावी. त्या अर्जदार हिच्याशी हल्ली बाजारात जेवढ्यास तेवढे बोलतात. ते चालेल, तिला बोलघेवड्या बायका तशाही आवडत नाहीत. पण तिने ठेंगीला सोडले असा त्यांचा गैरसमज राहू नये.

कळावे, आणि कळल्यावर करावे.

आपली, जमेल तेवढी नम्र,
(सही)
धुलाईखात्याची माजी मुकादमीण

दिनांक : आवक शिक्क्याचा धरावा.

सोबत : १) आपल्या एका ओळीच्या उत्तराची प्रत.
२) यंत्राने ठेंगीला पाठवलेल्या पत्राची प्रत, मुलीच्या परवानगीने.
पाटीची प्रत जोडता आली नाही. ती पुसली गेली आहे.

ता.क. : अर्ज लिहून होईतो धाकटा मुलगा गावाहून येऊन पोचला. बातमी ऐकून आला. आल्याबरोबर म्हणाला, "आई, शप्पथ, मला वाटलं ती पत्रं मला एकट्याला यायची बंद होतील." म्हणजे आईची पत्रे नको होती, एवढे त्याने स्वतःच सांगून टाकले. मग अर्ज वाचला आणि म्हणाला, "माझं कशाला घालतेस? 'नजरचुकीने' लिही ना." कार्यालयाने उद्या त्याच्याकडे खुलासा मागितला तर तो हेच लिहील, म्हणून अर्जदार हिने पेन खाली ठेवून त्याला काय सांगितले तेही नोंदीस असावे. ती म्हणाली, "नजर टाकली असतीस तर चुकली म्हणाले असते. बस तिथे. हे तू माझ्याशी केलं असतंस, तर एव्हाना तुला ताट वाढून झालं असतं, आईला तेवढं गिळता येतं. पण हे तू ठेंगीशी केलंस, आणि ते माफ करायचा हक्क मला नाही."