पानिपतहून परतल्यावर

रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
१६ जानेवारी १९९४

चि. शशिकांतास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकीट आधीच कुणीतरी उघडलेलं होतं, तुरुंगातून आलेलं असंच यायचं. तिथे मराठी वाचणारं कुणी असेल, तर त्यांनाही माझा नमस्कार.

इथे थंडीने कहर केलाय. आमच्या मंत्रालयात हीटर कुणाच्या टेबलाजवळ ठेवायचा यावरून रोज भांडणं. फरीदाबादला जाऊन आले. प्रमोदिनीने शिकवण्या सुरू केल्यात. तुझी वृंदा उंच झालीय. मला म्हणाली, "आत्या, बाबांची शिप नेव्हीने का पकडली?" मी म्हटलं, कागद बरोबर नव्हते. "बस, इतनी सी बात?" म्हणाली आणि खेळायला गेली.

वकिलांची भिस्त एकाच मुद्द्यावर आहे. तुझ्यासारख्या थर्ड ऑफिसरला जहाजावरच्या पेट्यांत काय आहे ते माहीत असेलच असं नाही. प्रमोदिनी तेवढ्यावरच तग धरून आहे.

मागच्या रविवारी मी पानिपतला गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. नौदलाचे लोक तुमच्या जहाजावर चढले, तेव्हा पुरावा राहू नये म्हणून तुमच्या कॅप्टनने आग लावली. त्या आगीत नौदलाचा जो मुलगा गेला, ओमवीर, तो तिथला. पेपरात गल्लीचं नाव आलं होतं. का गेले, ते मलाही नीट सांगता येत नाही. घरात बसवेना.

पानिपत म्हटलं की आपल्याला लढाईच आठवते. स्टेशनाबाहेर नुसती चादरी-सतरंज्यांची दुकानं होती. ओमवीरचे वडील हातमागावर काम करतात. त्यांनी अंगणात उन्हात खाट टाकली आणि विचारलं, "मंत्रालय से आयी हो, बहनजी?"

हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण मी म्हटलं, "नहीं जी. मेरा भाई उसी जहाज़ पर था. अब जेल में है."

ते उठून आत निघून गेले. मीही उठले. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "बैठ जा. चाय चढ़ा दी है."

चहा देताना तिने एवढंच विचारलं, "तेरे भाई को पता था, पेटियों में क्या है?"

"उसे पता नहीं था," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. "फिर तो वो भी बेचारा बेकसूर फँस गया."

शशी, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने विश्वास ठेवला. तो चहा मला संपवता आला नाही.

तू बंदरातून फोन केला होतास. कागदावर ट्रॅक्टरचे सुटे भाग आहेत, पण एक पेटी फुटली आणि तू आतल्या बंदुका पाहिल्यास, असं म्हणालास. मी म्हटलं, तिथेच उतर. तू म्हणालास, "आता कसा उतरू, ताई? ही एकच खेप. तू हा फोन विसरून जा." आणि प्रमोदिनी तुला भेटायला आली, तेव्हा तिच्याकडून पुन्हा तोच निरोप पाठवलास. ताईला म्हणावं, फोन आलाच नव्हता.

बुधवारी तपास अधिकारी घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सोच लीजिए, मैडम. आपके सगे भाई हैं," ते म्हणाले. मी जबाबावर सही केली.

प्रमोदिनीला मीच जाऊन सांगितलं. ती रडली नाही. "ताई, वृंदाकडे बघूनसुद्धा तुम्हाला गप्प राहता आलं नाही?" एवढं म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचं चुकलं असं मला बिल्कुल वाटत नाही.

आई गेल्यापासून तुझ्यावर आलेलं प्रत्येक संकट मी माझ्या अंगावर घेतलं. शाळेतलं, कॉलेजातलं, नोकरीतलं. हे मला घेता आलं नाही. पानिपतहून परतीच्या गाडीत सारखं मनात येत होतं, त्या पेट्या पोचल्या असत्या तर कुठल्या गावात उघडल्या गेल्या असत्या? तिथेही एखादी बाई अशीच चहा ठेवत असेल.

वकील माझ्यावर चिडलेत. तरी ते म्हणतात, तू स्वतःहून खरं सांगितलंस तर कोर्ट कदाचित त्याचा विचार करील. खात्री कुणीच देत नाही. मला तुझ्या शिक्षेचं गणित येत नाही, शशी. पण तू बोल. माझ्या सहीमुळे नाही, तुझ्या तोंडून खरं बाहेर यावं.

पुढच्या महिन्यात मी विशाखापट्टणमला येतेय. रजा मंजूर झाली. मला भेटायला बाहेर आला नाहीस, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकाशी येऊन उभी राहीन.

तुझ्याविरुद्ध सही केलेली,
आणि तुझीच,
कुमुदताई