सुईची बाटली कमरेला

रेणापूर
ता. २९ मार्च १९८७

चि. सिंधूस आजीचा जयभीम, आन् हितून नांदेडपर्यंत पुरंल इतका आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली पारूबाई. तुझ्या भावानं, श्रीमंतानं, मला दिल्लीला यायला विमानाचं तिकीट धाडलं ही खबर हापशावर फुटली, तवा तिचा नंबर तिसरा होता. घागर तशीच सोडून आली. मागून कोंडाबाई. तिला इचारायचं होतं, विमानात पाय लांब करता येतेत का. मी म्हणलं, पणतीचं नाव ठेवायला चालले, उभी ऱ्हाऊन बी जाईन.

रेल्वेत दोन दिवस, त्यात हे ऊन. साखरेच्या सुईची बाटली नासंल म्हणून विमान. सध्या ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत हाय. टँकर आठ दिसाला येतो, पण आधी वाळूला तांब्याभर, मग मला. जाताना बाटली आन् काचेची पिचकारी ज्वारीच्या डब्यात पुरून पेटीत ठेवते. ज्वारीत अंडं फुटत न्हाई, बाटली काय फुटंल? तू दवाखान्यात नर्स, म्हणून कळवलं.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी, नागुबाई

नांदेड
ता. ३ एप्रिल १९८७

ती. आजीस सिंधूचा सादर जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. बाटली पेटीत अजिबात नको! पेटी विमानाच्या पोटात जाते. तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठलं तर निकामी होतं. पेटी भलत्या गावाला गेली तर तू दिल्लीत सुईवाचून बसशील. दिवाळीत दोन दिवस सुई चुकली आणि तुला दवाखान्यात ठेवावं लागलं, ते मी विसरले नाही.

बाटली, सिरिंज, गोळ्या सगळं हातातल्या पिशवीत ठेव, खोक्यातून न काढता. डॉक्टरांची चिठ्ठी घे. विमानतळावर पोलीस तपासतात, सुई दिसली की विचारतात. वॉर्डात सगळ्यांना सांगून झालंय. आमचे मोठे डॉक्टरही अजून विमानात बसलेले नाहीत!

दिल्लीला गेलीस तरी आमच्यावरचा लोभ नांदेडलाच राहू दे.
तुझी सिंधू

दिल्ली
ता. १९ एप्रिल १९८७

चि. सिंधूस आजीचा जयभीम. मी पोचले, सुई बी पोचली.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. शिक्का अजून उस्मानाबादचाच. मी म्हणलं, सायब, लातूर जिल्हा होऊन पाच वर्सं झाली, तुमचा शिक्का कवा पोचणार? लई हसले.

पण बाय, पिशवीचा भरवसा मला कवाच नव्हता. किल्ली असो, प्रवासात काढलेलं डोरलं असो, आपण कमरंलाच बांधतो. बाटली आन् सुईची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून मी बी लुगड्याखाली बांधली. चिठ्ठी मातर पेटीत, जिथं घराचे कागद ठेवतो तिथं.

हैदराबादला मला पोचवून तुझा बाप विमानतळाच्या दारातूनच मागं फिरला. आत पडद्याआड पोलीसबाई. तिच्या हातातलं यंत्र माझ्या कमरंपाशी वरडाय लागलं, आन् लुगड्यातून पाणी टपकून राहिलं. सोडून बघती तर सुई! चिठ्ठीबिगर सुई जाणार न्हाई म्हणाली. मी म्हणलं, मग मी बी जात न्हाई, सुईबिगर पणतीच्या घरी जाऊन खाटंवरच पडायचं का? आन् बसले फरशीवर.

विमानापाशी पेट्या वळीनं मांडतात, ज्यानं त्यानं आपली वळखायची. तिनं मला हाताला धरून तिथं नेलं. समद्या सायबलोकांदेखत पेटी उघडली. वर ज्वारी, मग जवसाची चटणी, झबली, लुगडी, आन् तळाला चिठ्ठी. सायब घड्याळं बघून राहिले. तिनं चिठ्ठी वाचली, बाटली स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. कमरंला मातर बांधू दिली न्हाई.

पोरीचं नाव गौतमी ठेवलं. नाक आपलंच हाय, नकटं.

जीव लावतीस तसाच लाव.
तुझी आजी, नागुबाई

ता. क. पाकीट चिकटवणार तवर खालच्या मजल्यावरची शांतम्मा आली, बिदरची हाय. तिचा नवरा मलप्पा मागं दारात उभा. त्याला डॉक्टरनं हीच सुई सांगितली, पण टोचायच्या भ्यानं धा दिसापास्नं बाटलीचं बूच तसंच. मी पिचकारी उकळली, हवा काढली, माझ्याच मांडीत टोचून दावली. गडी दारातून बघून राहिला. दुखतं का म्हणाला. मी म्हणलं, बाभळीच्या काट्याहून कमी. बुधवारी न्याहारीच्या आधी आपली बाटली घेऊन येतो म्हणाला.