बिराजदारकाका पुढच्या सीटवर

शुक्रवार, लातूर. संध्याकाळचे सात.

आज कोर्टात माफीचा साक्षीदार म्हणून सगळं सांगून आलो. शेठ समोरच बसला होता. दोन वर्षं मी त्याचा ड्रायव्हर होतो. आधी गांजाची पोती वाहिली, मग माणसं. औशाच्या बिराजदारकाकांनी आपल्या मेडिकलात नशेच्या गोळ्या ठेवायला नकार दिला, तेव्हा शेठच्या टोळीतल्या पोरांनी त्यांना माझ्याच गाडीत, मागच्या सीटवर मारलं. गुडघा फोडला. मी आरशात बघितलं आणि गाडी चालवत राहिलो. का थांबवली न्हाई? भ्यालो होतो हे खरं. पगार चांगला होता, हेही खरं.

कोर्टाबाहेर काका काठी टेकून उभे होते. वाटलं, तोंडावर थुंकतील. पण म्हणाले, "फरीद, औशाला सोडतोस का? एसटीची पायरी चढवत न्हाई."

मी आता चालवतो ती क्लासच्या पोरांची व्हॅन आणली आणि मागचं दार उघडलं.

"मागं न्हाई. पुढं बसतो."



औशात उतरताना म्हणाले, "माझी धाकटी अकरावीला हाय. सोमवारपासून तिला क्लासला नेत जा."

मी नुसतं हाव म्हणालो. घरी येऊन लई दिवसांनी पोटभर जेवलो.