कचेरीत घेतलेलं नाव

माय,

अजूनही गावात गेले की एखादी म्हातारी मला ओट्यावर बसवून ऐकवते, तुझ्या आईच्या हट्टापायी त्या मुक्या पोरीचं अख्खं वर्ष वाया गेलं. मी चहा पिते आणि म्हणते, गेलं तर गेलं, तुमचं काय गेलं? तू असतीस तर डोळे वटारले असतेस. पण तुला तो अधिकार नाही. भर कचेरीत तू जे केलंस त्यापुढे माझं हे बोलणं म्हणजे काहीच नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. धाकटी सात वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची, कारण तिच्या खुणा दुसऱ्या कुणाला कळत नव्हत्या. भाकर हवी असली की दोन्ही तळहात थापटायची, तू हवी असलीस की डोक्यावर पदर ओढल्यासारखं करायची. गुरुजींनी दूरच्या शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचा अर्ज मागवला. माणूस वाईट नव्हता, पोरीचं भलंच बघत होता. पण पालक म्हणून सही घेतली मोठ्या काकांची. पोरीला सोमवारी नंदुरबारहून गाडीत बसवायचं ठरलंसुद्धा, आणि तुला ते कळलं काकूकडून, तापीकाठच्या शेतात कापूस वेचताना.

मी वर्गाच्या खिडकीतून बघते तर तू तरातरा येतेयस, ओटीत कापूस तसाच. वर्गात शिरलीस, धाकटीचा हात धरलास आणि सरळ कचेरीत गेलीस. मी मागोमाग. आत काका बसलेले. जेठापुढे तू कधी तोंड उघडलं नव्हतंस, त्यांना पाणीसुद्धा आमच्या हातून द्यायचीस. गुरुजी समजुतीनं म्हणाले, अर्ज मागे घ्यायचा तर तसं लिहून द्यावं लागेल, आणि मुलीच्या बापाचं पूर्ण नाव आईला स्वतः सांगावं लागेल. काका हसले. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तो गेल्यावरही नाही. रेशनच्या दुकानातदेखील तू नाव सांगायला मला पुढे करायचीस. आताही मी सांगायला तोंड उघडलं होतं. तू हातानंच मला थांबवलंस.

"पोर मन्ही शे," तू म्हणालीस. "तिना बापनं नाव मीच सांगस."

आणि सांगितलंस. सासऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, न अडखळता. काका उठून बाहेर गेले. गुरुजींनी कागद लिहिला. तो तू दोनदा वाचायला लावलास, आपल्या बोलीत सांगायला लावलास, आणि मगच अंगठा दिलास. माय, मला अजून त्याचा गर्व आहे.

गाव म्हणालं, बाईनं लाज सोडली. पण कापूस संपल्यावर तू स्वतः आगगाडीत बसून ती शाळा बघायला गेलीस, चार दिवस तिथल्या अंगणात मुक्काम ठोकलास, पोरांना जेवायला कोण वाढतं, रडली तर जवळ कोण घेतं ते पाहिलंस, आणि पुढच्या वर्षी आपण होऊन अंगठा दिलास, हे कुणी सांगत नाही. धाकटी शिकली. शहाद्यात शिवणाचा क्लास चालवते आणि माझ्या पत्रांतल्या चुका काढते. शाळेला तू कधी नाही म्हणालीच नव्हतीस. तुझी पोर, आणि तुला कुणी विचारलंच नव्हतं. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

फक्त एक सांगत नाही. गुरुजींनी विचारलं होतं. काकांच्या सहीच्या आधी मला बोलावून म्हणाले, आईला विचारून ये. मी घरी आले, जेवले, झोपले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, आई हो म्हणते. पोरी तिच्या खुणांची नक्कल करून मला चिडवायच्या, आणि मला ती शेजारी नको झाली होती. कचेरीत गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळा बोल स्वतःवर घेतला. मी गप्प राहिले. तू गेलीस तेव्हाही गप्पच होते.

हे पत्र मी चुलीत घालणार आहे. धाकटी परवा राहायला येतेय, आणि तिला वाचता येतं.