तिसरी चावी

३ मार्च
व्हॅन गेली! बहिणीकडे मुक्काम करून परतले, तर दारासमोर नुसता तेलाचा डाग. काचेचा तुकडासुद्धा पडलेला नाही. एक चावी माझ्या पर्समध्ये, दुसरी ह्यांच्या खिशात. मग नेली कशी? वॉशिंग मशिन दुरुस्तीची ह्यांची सगळी हत्यारं आत!

४ मार्च
विमावाला येऊन गेला. "दोन्ही चाव्या घरात. गाडी काय पंख लावून उडाली?" मग विचारलं, गेल्या आठवड्यात आणखी कुणी चालवली? भाऊजींनी — कपाट हलवायला नेली होती. "मग डुप्लिकेट त्यांनीच केली असणार." हे गप्प! सख्ख्या धाकट्या भावासाठी एक शब्द नाही. विमावाला गेल्यावर एवढंच म्हणाले, "विम्यातून नवी घेऊ. जुनी तशीही कुरकुरत होती."

६ मार्च
भाऊजी दारातूनच, "वहिनी, तुम्हालाही मी चोर वाटतो?" पाणीही न पिता गेले. छे! पत्ते चांगले आले तरी ज्याचा चेहरा चुगली करतो, तो कसली चोरी करणार? आता छडा लावायचाच.

७ मार्च
चावीवाल्याकडे गेले. भलताच गप्पिष्ट! नव्या गाड्यांच्या चाव्या म्हणे घरात पडल्या पडल्या गाडीशी बोलत असतात. चोर ते बोलणं दाराबाहेरून उचलतात, गाडीपर्यंत पोचवतात — गाडी फसते! "पण तुमची चावी जुन्या पद्धतीची. खोबणीत घातल्याशिवाय तोंड उघडत नाही. आमच्या हिच्या अगदी उलट!"
मग आमची कशी नेली?
"गाडीला यंत्र जोडून नवी चावी ओळखायला शिकवतात. नुसती घासून केलेली डुप्लिकेट चालत नाही, ताई. इंजिन सुरूच होणार नाही. आणि किती चाव्या ओळखते, हे गाडी सांगते. कधी शिकवल्या, तेही."
म्हणजे तिसरी चावी चोरीच्या दिवशीची निघाली, की भाऊजी सुटले! जेवताना ह्यांना सांगितलं.
"नसत्या उठाठेवी," म्हणाले.

११ मार्च
सापडली! पोलिसांचा फोन मीच घेतला. हत्यारं नाहीत, बाकी धडधाकट. उद्या चावीवाल्याला घेऊन जाते.

१२ मार्च
भाऊजी सुटले.
गाडी दोनच चाव्या ओळखते. तिसरी कधी शिकवलीच नाही. ओढून नेल्याची खूणही नाही — चावीने सुरू करून, चालवतच नेली.
एक चावी माझ्यासोबत बहिणीकडे होती.

१३ मार्च
गाडी कुठे सापडली, हे ह्यांनी अजून विचारलेलं नाही.