समाचाराला जाणाऱ्यांना पगार

मी, कुंदा प्रताप टिळेकर, वय एकोणसत्तर, राहणार हॅम्बर्ग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि प्रचंड आनंदात लिहून ठेवत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून लिहायला बसले हे खरं. पण अक्षर वाकडं येतंय ते त्या भीतीने नव्हे. आज दुपारी आमच्या बेझिर्कच्या, म्हणजे शहरातल्या आमच्या विभागाच्या, समितीने आमच्या संस्थेच्या कामाला पैसे मंजूर केले! दोन पगारी जागा, सरकारी तिजोरीतून! संस्थेतल्या माझ्या जोडीदारणीचा, हाइकेचा, फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातांनी ह्यांना मिठी मारली. ह्यांच्या स्वेटरची भरपाई कलम दोनमध्ये आहे.

आधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. इथल्या कायद्याला स्वहस्ते लिहून सही केलेला कागद पुरतो, साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला अळणी वाटतं, म्हणून दोघींना बोलावलं आहे.

कलम १. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा ह्यांना, ह्यांच्यानंतर आमचा मुलगा सत्यजित याला. होय, सत्यजित, घर तुलाच. गेल्या रविवारी म्युनिकहून तू फोनवर मोठ्या मनाने म्हणालास, "आई, तू वोनुंग, म्हणजे घर, तुमच्या फेरआइनला, त्या संस्थेला देणार, गेनाऊ? देऊन टाक. ऊर्मिला आणि मी ओके आहोत."

"नाही देणार," मी म्हटलं.

"वास? काय? मग एवढी वर्षं ते काम कशासाठी केलंस?"

त्याचं उत्तर कलम पाचमध्ये आहे. आधी उडी मारू नकोस.

कलम २. ह्यांना नवा स्वेटर, माझ्या खात्यातून. तो ह्यांनी स्वतः निवडू नये. नात अन्वी हिला माझ्या पाटल्या. ती "डांके, आजी" म्हणेल, तेवढं मराठी मला पुरे.

कलम ३. महाराष्ट्र मंडळाचे राजाभाऊ यांना काहीही नाही. गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "कुंदाताई, सुऱ्या चालवणाऱ्या पोरांना करदात्यांच्या पैशाने मावशी कशाला हवी?" राजाभाऊ, कर मीही भरते, आणि तुमच्याइतक्या पळवाटा न काढता भरते. तेराव्याला मात्र जेवायला अवश्य यावं.

कलम ४. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. मी आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले. मारामारीत फुटलेली पोरं यायची. टाके घालायचे, प्लास्टर करायचं, घरी पाठवायचं, आणि काही महिन्यांनी तोच पोरगा पुन्हा माझ्या टेबलावर. यानिक नावाचा असाच एक तिसऱ्यांदा आला, तेव्हा बरगडीखाली सुरी लागली होती. वॉर्डात त्याच्या समाचाराला कुणीच नव्हतं. आपल्याकडे साधा ताप आला तरी अर्धी आळी डबा घेऊन दारात! ड्यूटी संपल्यावर मी वरणभाताचा डबा घेऊन त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तो बोलायला लागला, तेवढ्यात त्याचे तीन मित्र आले, वार करणाऱ्याचं नाव विचारायला. नाव मिळालं असतं तर तडक तिकडेच गेले असते. मी म्हटलं, "आधी बसा. भात गरम आहे." बसले. नाव पुढे निघालंच, पण तोवर त्यांची डोकी शांत झाली होती.

मग सोशल वर्कर हाइके सामील झाली आणि आम्ही संस्था काढली. जखमी पोराशेजारी पहिल्या तासापासून बसायचं, सूड घ्यायला निघालेल्यांना अडवायचं, नंतर त्याच्या वस्तीत जाऊन शाळा, काम, खोली बघून द्यायची. सगळं फुकट, सगळं हौसेने.

कलम ५. आणि इथेच घोडं पेंड खातं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पुतणीच्या लग्नाला पुण्याला होते आणि हाइके तापाने आडवी. त्या आठवड्यात एक पोरगा सुरी लागून आला. त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही. त्याचा भाऊ वार करणाऱ्याचं नाव घेऊन बाहेर पडला आणि दुसऱ्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा मेला. त्याचं नाव एमरे. लग्नाला जाणं गुन्हा नव्हे, मी स्वतःला दोष देत नाही. पण मला तो अजून आठवतो आणि फार वाईट वाटतं. हौशी माणूस गावाला गेलं की खुर्ची रिकामी राहते. पगारी माणूस रजेवर गेलं की बदली येते. एक्स-रे विभाग कधी हौसेवर चालवलाय कुणी?

तेव्हापासून बेझिर्कच्या पायऱ्या झिजवल्या. तिथले साहेब म्हणाले, "आल्झो, फ्राऊ टिळेकर, न झालेले खून आम्ही मोजायचे कसे?" मी म्हटलं, "बंबवाल्यांना न लागलेल्या आगी मोजायला लावता का?" आज त्याच साहेबांनी हात वर केला!

म्हणून माझी सक्त ताकीद: माझ्या इस्टेटीतला एक सेंटही या कामाच्या पगाराला देऊ नये. मी घर दिलं तर समिती म्हणेल, म्हातारीने सोय केली, आणि हळूच अंग काढून घेईल. घराचे पैसे संपले की पुन्हा हौस, पुन्हा रिकामी खुर्ची. मंजुरी दोनच वर्षांची आहे. माझी सगळी बचत सत्यजितने वेगळी ठेवावी आणि शहराने पैसे बंद केले तर ती भांडणावर उधळावी: पत्रकं, सभागृह, वकील, राटहाउससमोर, म्हणजे नगरभवनासमोर, उभ्या राहणाऱ्यांना चहा. भांडणाचा खर्च माझा, पगार शहराचा.

कलम ६. इथे निधनाच्या जाहिरातीत "फुलांऐवजी देणगी द्यावी" असं छापतात. माझ्या जाहिरातीत ते छापू नये. छापावं ते असं: "फुलांऐवजी आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहा. कुणी शेजारी बसलं नाही त्या आठवड्यात एमरे गेला. पैसे चालू ठेवा." खाली बेझिर्कचा पत्ता द्यावा.

हे सर्व मी स्वहस्ते लिहिलं, पुन्हा वाचलं आणि मान्य केलं.

हॅम्बर्ग, १४ नोव्हेंबर २००८
(सही) कुंदा प्रताप टिळेकर

साक्षीदार:
१. हाइके ब्रांट (सही)
२. आयसेल आय्दन, एमरेची आई (सही)

दोघींना मजकूर जर्मनमध्ये वाचून दाखवला. सही करताना आयसेलने सांगितलं ते तिच्या शब्दांत उतरवते: "मुलाचं नाव छापायला माझी हरकत नाही. पण पत्रासाठी मी कुंदाच्या मरणाची वाट बघणार नाही. माझं मी उद्याच टाकते."